बरगडीतून जबड्याकडे

साशंक: प्रयोगशाळेत कूर्चा वाढवता येते, हे मी नाकारत नाही. मला एवढंच सांग, ती ज्या जबड्यात बसवायची तो जबडा कुणाचा? तीस वर्षं मी उल्हासनगरात कॅम्प तीनला दातांचा दवाखाना चालवतोय. तोंड उघडत नाही म्हणून येणाऱ्यांत पुष्कळ जण गुटख्याचे. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण पुड्या खाणारे माझ्या खुर्चीत बसायचे काही थांबले नाहीत. गालाची आतली बाजू चामड्यासारखी ताठ होते आणि तीन बोटांऐवजी एक बोटही जेमतेम आत जातं. त्यांचा जबड्याचा सांधा ठणठणीत असतो, त्यामुळे त्यांना कूर्चेचा काही उपयोग नाही. दुसरे येतात ते कानापुढे कटकट वाजतं, सकाळी उठल्यावर जबडा धरतो म्हणून. त्यांतल्या बहुतेकांना मऊ जेवण, शेक, रात्री दातांवर चढवायची प्लेट, जबड्याचे हलके व्यायाम आणि कुणीतरी नीट समजावून दिलेला धीर, एवढ्यावर बरं वाटतं. हे दोन्ही गट बाजूला काढले की मागे फार थोडे उरतात. त्या थोड्यांसाठी एवढी मोठी यंत्रणा उभी करायची का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

आशावादी: सर, मला त्या थोड्यांबद्दलच बोलायचं आहे, कारण त्यांना द्यायला आपल्या हातात आज काही धड नाही. हा सांधा विचित्र आहे. तोंड उघडायला लागलं की आधी तो बिजागरीसारखा फिरतो, मग टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. फिरणं आणि सरकणं या दोन्ही चाली सांभाळायला हाडाची मुंडी आणि कवटीचा खळगा यांच्यामध्ये एक पातळ चकती असते. चकतीच्या मधल्या भागात रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातल्या पाण्यावरच तिचं पोषण होतं, म्हणून तिला भोक पडलं तर ते भरून येत नाही. शिवाय खालचा जबडा हे एकच हाड. डावीकडे दुखलं म्हणून रुग्ण उजवीकडून चावू लागला, तरी डावा सांधा हलतोच. त्याला विश्रांती देता येत नाही. झिजत झिजत हाडावर हाड आलं की आपण काय करतो? सांधा धुतो, चकती काढून टाकतो, नाहीतर धातूचा सांधा बसवतो. साठीच्या माणसाला धातूचा सांधा मी आनंदाने सुचवेन. पण जबड्याचं दुखणं बायकांमध्ये जास्त आणि तेही ऐन वीस ते चाळीस या वयात. पंचविशीतल्या मुलीला बसवलेला सांधा पुढची पन्नास वर्षं कसा टिकायचा?

साशंक: इथे मला जुनी गोष्ट आठवते, आणि ती मी मुद्दाम सांगतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत टेफ्लॉन मिसळलेल्या पदार्थाच्या चकत्या हजारो रुग्णांच्या जबड्यांत बसवल्या गेल्या. सुरुवातीला सगळे खूश होते. चावण्याच्या दाबाखाली त्या चकत्यांचे बारीक कण सुटायला लागले, शरीराने त्या कणांवर हल्ला केला आणि त्या हल्ल्यात आसपासचं हाडच खाल्लं गेलं. काहींच्या तर कवटीच्या तळापर्यंत भोक पडलं. १९९० च्या सुमारास त्या चकत्या परत मागवाव्या लागल्या. दुखत होतं म्हणून गेलेल्या माणसांना त्याहून कितीतरी जास्त दुखणं घेऊन जगावं लागलं. या सांध्यात घाई केली की त्याची किंमत रुग्ण चुकवतो. म्हणून ‘नवं आहे’ एवढ्या शब्दावर माझं मन पुढे जात नाही.

आशावादी: त्या घटनेतून मी नेमका उलटा धडा घेते. तो पदार्थ मेलेला होता. झिजला की झिजला, स्वतःला दुरुस्त करण्याची सोयच त्याच्यात नव्हती. जिवंत ऊतीचा विचार लोक करायला लागले ते त्यामुळेच. आणि याची सुरुवात जबड्यात नाही, गुडघ्यात झाली. स्वीडनमधल्या गोटेबोर्ग इथल्या मंडळींनी रुग्णाच्या स्वतःच्या गुडघ्यातून, जिथे वजन कमी येतं अशा कोपऱ्यातून, कूर्चेचा बारीक तुकडा घेतला. त्यातल्या पेशी सुट्या करून काही आठवडे वाढवल्या आणि झिजलेल्या जागी परत सोडल्या. १९९४ मध्ये त्यांनी २३ रुग्णांचा अहवाल छापला. आपल्याकडेही २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी मुंबईच्या रीग्रो कंपनीच्या अशाच उपचाराला परवानगी दिली. म्हणजे पेशी काढणं, वाढवणं, परत नेऊन बसवणं हे महाराष्ट्रात होतं आहे. गुडघ्यापासून जबड्यापर्यंत यायचं अंतर फार नाही, असं मला वाटतं.

साशंक: ते अंतरच मला मोठं वाटतं. गुडघ्यातली कूर्चा काचेसारखी गुळगुळीत असते. जबड्यातली तंतूंची, चिवट, वेगळ्या प्रथिनाची. माझ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत जीन्स शिवणारे बसतात. त्यांतल्या एकाने मला एकदा दाखवलं होतं, की ताणणाऱ्या डेनिमला न ताणणाऱ्या कापडाचं ठिगळ लावलं तर ठिगळ फाटत नाही, त्याच्या शेजारची शिवण फाटते. कूर्चेचं दुखणं अगदी हेच आहे. नवा तुकडा कितीही सुंदर बनवला तरी तो जुन्या कूर्चेला कडेने जुळत नाही, आणि तिथूनच उचकटायला लागतो. तू मला तुकड्याचं कौतुक सांगतेस. मला शिवणीबद्दल ऐकायचं आहे.

आशावादी: उदाहरण चांगलं आहे, आणि त्यावरच काम चाललं आहे. पण आधी कापडाबद्दल एक सांगते. गुडघ्याच्या कूर्चेच्या पेशी सपाट भांड्यात वाढवल्या की त्या आपला स्वभाव विसरतात. काचेसारख्या कूर्चेचं प्रथिन बनवायचं सोडून त्या तंतूंचं, म्हणजे पहिल्या प्रकारचं कोलॅजन बनवायला लागतात. गुडघ्याच्या शास्त्रज्ञांची ती डोकेदुखी. जबड्याची चकती मात्र जवळजवळ सगळी त्याच पहिल्या प्रकारच्या कोलॅजनची. गुडघ्यात जो दोष ठरतो तो जबड्यात कदाचित जवळचा ठरेल. ‘कदाचित’ मी जाणूनबुजून म्हणते आहे. दुसरी गोष्ट, पेशी कुठून आणायच्या? आजारी जबड्यातून काढायच्या तर तिथे आधीच कमी, आणि आहेत त्याही थकलेल्या. कॅलिफोर्नियातल्या किरियाकोस अथानासिऊ यांच्या गटाने बरगडीच्या टोकाची कूर्चा निवडली. मांडव न घालता, म्हणजे पेशींना आधाराला कसलाच साचा न देता, त्यांनी पेशी दाटीने एकत्र ठेवल्या आणि पेशींनी स्वतःच ऊती बांधली. २०१८ मध्ये त्यांनी छोट्या जातीच्या डुकरांच्या चकतीत आधी खड्डा पाडला आणि चकतीचेच दोन पदर सोडवून त्यांच्यामध्ये ही ऊती सरकवली. ती वरून चिकटवलेली नव्हती, कापडाच्या दोन पदरांत अस्तर घालावं तशी आत ठेवलेली होती. तुमच्या शिवणीवरचा तो त्यांचा उपाय. ८ आठवड्यांनी खड्डा भरून आला होता आणि सांध्याची झीजही कमी होती.

साशंक: आठ आठवडे! माझ्याकडे येणाऱ्या बाईचं दुखणं आठ वर्षांचं असतं. आणि त्या डुकरांचे सांधे मुळात निरोगी होते, खड्डा माणसाने पाडलेला होता. खऱ्या रुग्णाचा सांधा सुजलेला, त्यातलं पाणी बिघडलेलं, मुंडी चपटी झालेली. चांगल्या जमिनीत बी उगवलं म्हणून खाऱ्या जमिनीत उगवेलच असं कोण सांगणार?

आशावादी: कुणीच नाही. आक्षेप पूर्ण मान्य. पण कामही तिथेच थांबलेलं नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोर्डाना वुन्याक-नोवाकोविच यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये माणसाच्या मूळ पेशींपासून जबड्याच्या मुंडीच्या नेमक्या आकाराचं हाड वाढवलं. गाईच्या हाडातल्या सगळ्या पेशी धुऊन काढायच्या, उरलेला सच्छिद्र सांगाडा मुंडीच्या आकारात कोरायचा, त्यात पेशी पेरायच्या आणि पोषक द्रव ५ आठवडे खेळता ठेवायचा, अशी ती रीत. तेव्हा त्यावर कूर्चा नव्हती, नुसतं हाड होतं. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, त्यांनी डुकराच्याच चरबीतून घेतलेल्या पेशींपासून हाड आणि वर कूर्चा असा जोड बनवला आणि त्याच डुकराच्या जबड्यात बसवून ६ महिने पाहिला. त्याच विद्यापीठात मिल्ड्रेड एम्ब्री यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की जबड्याच्या मुंडीच्या अगदी वरच्या थरात मूळ पेशी झोपलेल्या असतात, आणि योग्य रासायनिक संदेश दिला तर सशांमध्ये त्या दुरुस्तीला लागतात. हे खरं ठरलं तर बाहेरून काही बसवायचीच गरज उरणार नाही.

साशंक: ऐकायला फार छान वाटतं, आणि तुझा अभ्यास आहे याचा मला आनंदच आहे. पण तू ज्या रुग्णाचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून बोलतेस, तो मोठा माणूस आहे. माझ्या मनात घर करून राहिलेली रुग्ण मोठी नाही. ती सहा-सात वर्षांची मुलगी आहे. गच्चीवरून किंवा जिन्यावरून हनुवटीवर पडलेली. कुणीतरी हनुवटीला टाके घातले, जखम भरली, घरचे विसरले. हनुवटीवर बसलेला दणका वर कानापुढच्या मुंडीपर्यंत गेला होता आणि ती आत तुटली होती, हे कुणी पाहिलंच नाही. दुखतं म्हणून मुलीने तोंड उघडायचं कमी केलं. हळूहळू मुंडी कवटीला चिकटली, मग हाडाने हाड जोडलं. दोन वर्षांनी आई तिला घेऊन येते तेव्हा तोंड एका करंगळीएवढंही उघडत नाही. पातळ भात दातांच्या फटीतून आत ढकलायचा. दात घासता येत नाहीत म्हणून किडलेले. हनुवटी मागे गेलेली, रात्री झोपेत श्वास अडकतो. भूल द्यायची तर नळी नाकातून, दुर्बिणीने वाट शोधत घालावी लागते, आणि भूलतज्ज्ञालाही त्या दिवशी घाम फुटतो. या मुलीसाठी तुझ्या चकतीत काय आहे?

(इथे मला, हा संवाद लिहिणाऱ्याला, थोडं थांबावंसं वाटलं. या विषयावरचं बरंचसं संशोधन झिजलेल्या सांध्याभोवती फिरतं, कारण जिथे पैसा आणि प्रयोगशाळा आहेत तिथे झिजलेल्या सांध्याचे रुग्ण दिसतात. भारतातल्या जबड्याच्या सर्जनांना जुळून गेलेले सांधे, आणि तेही मुलांचे, वारंवार सोडवावे लागतात. एकाच सांध्याचे हे दोन वेगळे आजार आहेत, आणि संशोधन कोणत्या आजाराकडे पाहून चाललं आहे, हे विचारणं मला गैर वाटत नाही.)

आशावादी: सर, त्या मुलीसाठी आपण आत्ताही जे करतो ते जवळजवळ हेच आहे. जुळलेलं हाड कापून फट पाडायची, मध्ये कानशिलावरच्या स्नायूचा पदर घालायचा, आणि मूल वाढीचं असेल तर त्याच्याच बरगडीचा तुकडा, टोकाला कूर्चेची टोपी असलेला, जबड्याला स्क्रूने बसवायचा. का, तर मुलाच्या जबड्याच्या मुंडीवरची कूर्चा नुसती गादी नसते. जबडा लांब होतो त्यात तिचा मोठा वाटा असतो. ती गेली की चेहऱ्याची ती बाजू मागे राहते. बरगडीची कूर्चा वाढते, म्हणून ती आपण उसनी आणतो. याला टिश्यू इंजिनिअरिंग म्हणत नाहीत एवढंच. निसर्गाने बनवलेला जिवंत भाग एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी कामाला लावणं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो आहोत.

साशंक: बरोबर. आणि त्या बरगडीचं पुढे काय होतं तेही तुला माहीत आहे. काही मुलांत ती वाढतच नाही. काहींत इतकी वाढते की हनुवटी दुसऱ्या बाजूला वळते आणि दहा वर्षांनी जास्तीचं हाड कापायला परत टेबलावर घ्यावं लागतं. कूर्चेची टोपी किती मिलिमीटर ठेवायची यावर सर्जन अजून वाद घालतात. मुलाच्या स्वतःच्या शरीरात तयार झालेला, त्याच्याच रक्तावर जगणारा तुकडा किती वाढेल हे आपल्याला सांगता येत नाही. मग भांड्यात वाढवलेल्या तुकड्याबद्दल कोण सांगणार? आणि मुलाची वाढ थांबेल तेव्हा थांबायचं, हे त्याला कोण शिकवणार?

आशावादी: हा प्रश्न मला आजवर कुणी इतका नेमका विचारला नव्हता. खरं सांगते, आजच्या शोधनिबंधांत मी जे मोजलेलं पाहते ते म्हणजे ऊती किती ताठ, किती लवचीक, किती झिजली. ती मुलाबरोबर वाढली का आणि वेळेवर थांबली का, हे मोजायला प्रौढ डुक्कर पुरणार नाही. वाढीचं पिल्लू घ्यावं लागेल आणि वर्षानुवर्षं पाहावं लागेल. पण बरगडीची वाढ हाताबाहेर जाते ती आपल्याला तिच्यातल्या वाढीच्या पेशी मोजता येत नाहीत, वेगळ्या काढता येत नाहीत म्हणून. भांड्यात ते करता येईल. किती पेशी, कोणत्या थरातल्या, कोणत्या संदेशाला उत्तर देणाऱ्या, हे ठरवून ऊती बांधता आली, तर बरगडी जे नशिबावर सोडते ते हिशेबात आणता येईल.

साशंक: आणि तो हिशेब होईपर्यंत? तो टाका घालतानाचा क्षण मला सोडत नाही. हनुवटीला टाके घालताना कानापुढे दोन बोटं ठेवायची, मुलाला तोंड उघडायला सांगायचं, जबडा एका बाजूला वळतो का ते पाहायचं, शंका आली तर एक्स-रे काढायचा. मुंडी तुटलेली असली तर लहान मुलात बहुतेक वेळा जबडा फार दिवस बांधून ठेवायचा नाही, लवकर हलवायला लावायचा. एवढं पाळलं तरी कितीतरी सांधे जुळायचे टळतात. दोन मिनिटांचं काम. उल्हासनगरच्या सेंट्रल हॉस्पिटलपासून बदलापूरच्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत कुणालाही जमेल. अंबरनाथला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या मुलांना पहिल्यांदा टाका शिकवाल तेव्हाच हे शिकवा, असं मी कुणालाही हात जोडून सांगेन. आणि शस्त्रक्रियेनंतरचं? तोंड उघडण्याचा व्यायाम दिवसातून पाच-सहा वेळा, कित्येक महिने. मूल रडतं, आईचा हात थांबतो, आणि फट परत भरून येते. बदलापूरच्या आईने मुलीला घेऊन सकाळच्या गर्दीत लोकलने सीएसएमटीपर्यंत जायचं, सरकारी दंत महाविद्यालयात दाखवायचं आणि संध्याकाळी परत यायचं, तेही रोजगार बुडवून. अशा किती खेपा होतील? तू बनवलेली सगळ्यात सुंदर कूर्चासुद्धा हा व्यायाम थांबला तर हाडात गडप होईल.

आशावादी: व्यायामाबद्दल तुमच्याशी माझा तिळमात्र वाद नाही. पण ‘हे आधी, ते नंतर’ असं तुम्ही म्हणालात तर मी अडेन. जिची मुंडी कधीच जुळून गेली आहे, त्या मुलीला टाक्याच्या वेळची दोन मिनिटं आता परत देता येत नाहीत. आणि अंतराचं म्हणाल तर ते विज्ञानानेही कमी होऊ शकतं. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. मोजून-मापून, नोंदी ठेवून माल काढायची सवय या माणसांच्या हाताला आहे. निर्जंतुक खोली उभी करणं अवघड आहे, अशक्य नाही.

साशंक: पेशी म्हणजे पिंपात भरून ठेवायचं रसायन नव्हे. मेल्या की मेल्या. वीज गेली, गाडी अडकली, एखादा जंतू शिरला, की आठवड्यांचं काम आणि त्या मुलीची बरगडी दोन्ही वाया. पण त्याहून मोठी भीती मला वेगळीच आहे. ‘स्टेम सेल’, म्हणजे मूळ पेशी, हा शब्द आता फलकांवर आलाय. गुडघा, केस, चेहरा, सगळ्यावर तेच इंजेक्शन. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे, की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूळ पेशींचं रोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधन आहे. ते मंजूर चाचणीतच करायचं, आणि उपचार म्हणून विकायचं नाही. तू प्रामाणिकपणे ‘कदाचित’ म्हणतेस. तोच शब्द स्टेशनवरून घरी जाणाऱ्या माणसाच्या कानावर ‘नक्की’ होऊन पडतो, आणि तो दागिने मोडतो.

आशावादी: म्हणून तर हे काम सरकारी रुग्णालयांत, चाचणी म्हणून, रुग्णाकडून पैसे न घेता व्हायला हवं. आपण गप्प बसलो तर ती जागा फलकवालेच भरणार. सर, एक विचारते. तुम्ही माझ्याकडे पाठवलेली ती सात वर्षांची मुलगी पुढच्या महिन्यात टेबलावर असेल. मी तिला थांबवणार नाही, बरगडीच बसवायची. टोपी तासून मापाची केल्यावर कूर्चेचे चार-पाच मिलिमीटर उरतात. ते आपण टाकून देतो. रीतसर परवानगी घेऊन ते एखाद्या प्रयोगशाळेला दिले, त्या पेशी कशा वाढतात, कधी थांबतात हे कुणी पाहिलं, तर? वाढत्या मुलाची कूर्चा संशोधकांना सहसा मिळत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या तुकड्यात असू शकतं.

साशंक: परवानगी कुणाची? आईला घरी सिंधी कळते, कामचलाऊ हिंदी. फॉर्म इंग्रजीत. ती तुझ्याकडे देवासारखं पाहते आणि तू सांगशील तिथे अंगठा देईल. याला परवानगी म्हणवत नाही मला.

आशावादी: मग शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नको, आधी बोलू. तुम्ही बोला. तुम्हाला सिंधी येते, ती तुम्हाला वर्षभर ओळखते. ‘नाही’ म्हणाली तरी शस्त्रक्रिया होणारच, हे तुमच्या तोंडून तिला खरं वाटेल.

साशंक: बोलेन. पण तिला पहिल्यांदा हे सांगेन, की या तुकड्याचा तुझ्या मुलीला काही उपयोग होणार नाही.

आशावादी: सांगा. तेच खरं आहे.

साशंक: आणि तिने विचारलं, मग कुणाच्या मुलीला होईल, आणि कधी? तेव्हा मी काय सांगू?